शेवग्यावरच्या करवंट्या

चांगुणाबाई चुलीपुढं बसून गुळाचा पाक ढवळत होती. भामाआत्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि आत न येताच म्हणाली, "मानसं रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खात्यात आन तू पाखरांना गूळ चारतीस व्हय?"

चांगुणाबाईनं मान वर केली नाही. पाकावरून नजर हलवायची सोय नव्हती. जरा पुढं गेला की दगडासारखा व्हायचा आणि साळुंकीची चोच त्यात शिरत नसे. कच्चा राहिला की मुंग्या लागायच्या. तिनं थेंबभर पाक पाण्यात टाकला, बोटानं दाबून पाहिला आणि कढई खाली उतरवली. परातीत मिलोच्या कण्या होत्या, मूठभर शेंगदाण्याचा कूट होता आणि अख्खी करडई. सगळं पाकात घालून तिनं गरम गरमच कालवलं आणि नारळाच्या चार करवंट्यांत दाबून भरलं.

"माझ्या वाटचा गूळ हाय तो, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या चा सोडलाय दीड महिना झाला."

"म्हंजी कोरा पितीस?"

"पीतच न्हाई."

भामाआत्या म्हणजे चांगुणाबाईच्या सासऱ्यांची, भिमाजींची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून कुकाण्याला दिराच्या घरी असायची, पण माहेरच्या घरात अजूनही तिचा शब्द खाली पडत नसे. कालच्या गाडीनं ती आली होती. संगमनेरहून धाकटा दीर सहादेवही आला होता. नेवाशाच्या डॉक्टरांनी परवा भिमाजींना तपासून चांगुणाबाईच्या नवऱ्याला, सोपानला, बाजूला घेतलं होतं आणि ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या, असं सांगितलं होतं.

करवंट्यांना भोकं पाडून सुतळ्या ओवलेल्या होत्या. चांगुणाबाई त्या घेऊन परसात गेली. यंदा पाऊस झालाच नव्हता. परसाच्या कुंपणापलीकडं प्रवरेपर्यंत सगळी रानं उघडी पडली होती. पाखरांना टिपायला दाणा नव्हता आणि थंडी तर अशी की सकाळी रांजणाच्या पाण्यात हात घालवत नसे. शेवग्याला तिनं करवंट्या बांधल्या आणि बाजूला झाली. पहिल्यांदा दोन साळुंक्या आल्या, मग बुलबुलांची जोडी. एक राघू वरच्या फांदीवर उलटा लटकून खाली बघत राहिला.

तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत बाजेवर भिमाजी उशांना टेकून बसवलेले होते. त्यांची नजर राघूवर होती.

कार्तिकात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भावकीचे वाद मिटवणारा माणूस एका शब्दाला महाग झाला. पहिले पंधरा दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडून असत. चांगुणाबाई भरवायची, पुसायची, कूस बदलायची. ते मुकाट्यानं करून घ्यायचे आणि पुन्हा भिंतीकडं वळायचे. एक दिवस दारात चिमणी आली आणि त्यांची मान हलली. तेवढंच चांगुणाबाईनं धरून ठेवलं. त्यांची बाज तिनं दाराकडं फिरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहिली करवंटी बांधली.

ही करवंटीची युक्ती तिची नव्हती. रतनची होती.

रतन म्हणजे भिमाजींची धाकटी लेक. चांगुणाबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा रतन पाच वर्षांची होती, आणि आठवं लागलं तेव्हा तिची आई गेली. तिची वेणी घालायची ती चांगुणाबाई, ताप आला की उशाशी बसायची तीही चांगुणाबाईच. पोर हिवाळ्यात चुलीपाशी बसून पाकात कण्या कालवायची, करवंट्या भरायची आणि बापाला हाका मारत परसात ओढून न्यायची. भिमाजी एरवी कडक माणूस, पण नारळ सण नसतानाही फुटायचा, करवंटी पाहिजे म्हणून.

पुढं रतन नगरला नर्सचं शिकली. तिथंच छगन मास्तरांशी तिनं लग्न केलं. छगन छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध झालेला. लग्नाचं कळलं त्या दिवशी भिमाजींनी ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, ही पोरगी मला मेली. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती. रतन संगमनेरला सरकारी दवाखान्यात होती, तिला दोन मुलं होती, एवढंच घराला माहीत होतं आणि तेही कुणी मोठ्यानं बोलत नसे.

जेवणं उरकल्यावर सगळे ओसरीवर बसले. सोपाननं पानाचा डबा पुढं ओढला पण उघडला नाही. शेवटी सहादेवच म्हणाला, "दादा, रतनला बोलवायला पाहिजे."

"तिचं नाव काढू नगं," भामाआत्या म्हणाली. "भिमादादानं तोंड बघनार न्हाई म्हनून सांगितलंय. आता त्येला बोलता येत न्हाई म्हनून तुमी त्येचा शबूद मोडनार?"

"आत्या, त्याला बारा वर्षं झाली. रागात बोललेलं माणूस धरून बसतं का?"

"धरून बसला म्हनून तर मोडला न्हाई त्यानं."

"मोडलं हुतं," सोपान म्हणाला.

दोघं त्याच्याकडं बघायला लागले. चांगुणाबाई दाराच्या आड तांदूळ निवडत बसली होती. पेजेसाठी जपून ठेवलेले शेरभर तांदूळ. तिचा हात सुपातच थांबला.

"चार वर्सांमागं संक्रांतीला आबांनी बोलावलं हुतं तिला," सोपान सांगू लागला. "मला म्हाईत नव्हतं. मागनं त्येंनीच सांगितलं, एकदा मळ्यात बसलो हुतो तवा. म्हनले, म्या निरोप धाडला, नवऱ्याला घिऊन ये म्हनलं, पर तिनं येत न्हाई म्हनून सांगितलं. सहादेव, आबा रडलं त्या दिवशी. म्या त्येंना आईच्या येळंलाबी रडताना बघितलं न्हाई. तवापासून माझ्या मनातनं ती उतरली. बापानं नाक मुठीत धरून बोलवावं आन हिनं येत न्हाई म्हनावं?"

सहादेव गोंधळून म्हणाला, "कुणी सांगितलं येत नाही म्हणून? दादा, मी तिला दर आठवड्याला भेटतो. तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं माझं. आमच्या दोन्ही बाळंतपणांत तीच होती. दर खेपेला ती मला विचारते, आबा माझं नाव काढतात का रे. मी नाही म्हणून सांगतो, कारण मला काही माहीतच नव्हतं. तिला निरोप मिळाला असता तर ती अनवाणी पळत आली असती."

"निरोप गेल्ता."

"कुणाबरोबर?"

सोपाननं दाराकडं तोंड केलं. "अगं ए, सांग याला. आबांनी तुलाच सांगितलं हुतं न्हवं? कुनाबरुबर धाडला हुतास?"

चांगुणाबाई उठून उंबऱ्याशी आली. तिला उत्तर तयार होतं. चार वर्षांपूर्वीच तयार केलेलं होतं. संगमनेरच्या गाडीवरचा कारभारी नावाचा कंडक्टर. त्याची पुढं धुळ्याकडं बदली झाली, तो आता कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं एक नाव घेतलं की निभावलं असतं. निरोप त्याच्याकडून राहिला असेल, नाहीतर त्यानंच काहीबाही सांगितलं असेल, असं म्हणून सगळे गप्प झाले असते.

परसातून करवंटी खोडाला आपटल्याचा आवाज आला. राघू असावा.

"म्या धाडलाच न्हाई," ती म्हणाली.

ती उंबऱ्यावरच खाली बसली आणि पुढं सांगू लागली.

"मामा दोर वळत बसलं हुतं परसात. मला म्हनलं, चांगुणा, रतनला सांगावा धाड, संक्रांतीला ये म्हनावं. सोपानला आत्ताच सांगू नगं, त्यो डोक्यात राख घालून घ्यायचा. म्या व्हय म्हनलं. त्याच आठवड्यात आपल्या छबूला बघून गेल्ते पावनं. पसंती आलेली, सुपारी ऱ्हायलेली. रतन आन छगन मास्तर घरी आल्यालं त्येंच्या कानावर गेलं आसतं तर त्येंनी पोरीला नगं म्हनलं आसतं. म्या म्हनलं, सुपारी हुईस्तवर थांबावं. मग धाडू. सुपारी झाली, तर म्हनलं लगीन हुईस्तवर थांबावं. आन मामा रोज विचारायचं, आला का ग निरोप, आला का. एक दिवस माझ्या तोंडातनं गेलं, येत न्हाई म्हनली म्हनून."

"आन मग?" सोपाननं विचारलं.

"मग त्येंनी पुन्यांदा विचारलंच न्हाई."

छबूचं लग्न झालं. राहुरीला दिली. घर चांगलं होतं, नवरा सरळ होता, पहिल्याच वर्षी मुलगा झाला. चांगुणाबाईला कधी कधी वाटायचं, पोरीला काही दुखलंखुपलं असतं तर बरं झालं असतं, आपल्याला शिक्षा झाली असं तरी म्हणता आलं असतं. लेकीबद्दल असा विचार आला की ती स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

सोपान उठला. तो आता अंगावर येतो की काय म्हणून सहादेवही उठला. पण सोपान खांबाला धरून नुसता उभा राहिला. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला इतका म्हातारा कधी पाहिला नव्हता.

भामाआत्याच आधी बोलली. "भिमादादानं स्वताच्या तोंडानं बोलावलं हुतं?"

"व्हय."

"मग माझा इरोध कशाला." तिनं खुंटीवरची टोपी काढून सोपानच्या हातात दिली. "नीघ. दुपारची गाडी घावंल. तूच जा. सहादेव नगं, थोरल्यानं जायाचं आसतं." मग चांगुणाबाईकडं बघत ती दोघा भावांना जरा मऊ आवाजात म्हणाली, "पोर उजवायची हुती तिला. तुमी बापय मानसं काय समजनार. म्या आसते तर म्याबी त्येच केलं आसतं."

या घरात चांगुणाबाईची बाजू घेणारं ते एकच माणूस निघालं, आणि तिला वाटलं, यापेक्षा आत्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

सोपान पायऱ्या उतरताना ती मागं गेली. "तिला वाटंत समदं सांगा," ती म्हणाली.

"म्या काय सांगू? तुझं तू सांग."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रतन आली. हातात एक पिशवी, अंगावर सुती पातळ, केसांत एक बाजू पांढरी. मुलांना छगनजवळ ठेवून आली होती. ती ओसरीवर टेकली नाही, कुणाशी बोलली नाही, थेट मागच्या खोलीत गेली. दाराशी थांबून तिनं बापाकडं बघितलं. मग बाजेजवळ जाऊन आधी नाडी धरली. सवयच ती. मोजता मोजता तिचा आकडा चुकला.

"आबा, मी रतन."

भिमाजींच्या तोंडातून आवाज आला. त्याला शब्द म्हणता आलं नसतं. डोळे मात्र पूर्ण उघडले आणि मग एकदम त्यांनी मान फिरवली, भिंतीकडं. डाव्या हातानं गोधडी ओढून तोंडावर घेतली.

रतन तशीच उभी राहिली. मग ती परसात आली. चांगुणाबाई रांजणाशी होती.

"अजून राग गेला नाही त्यांचा," रतन म्हणाली. "दादा म्हणाला, ते बोलावतायत. मला वाटलं खरंच." तिची नजर शेवग्यावर गेली. चारही करवंट्यांवर पाखरं होती. "हे कोण करतं?"

"म्या."

"कण्या आणि करडई? तुझ्या लक्षात होतं?"

"मामांसाठी करते. त्येंना बघायला आवडतं."

रतन जवळ आली आणि तिनं चांगुणाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तसंच. चांगुणाबाईला ते डोकं असंच राहू द्यावंसं वाटलं. घटकाभर तरी. पण घटकाभर, घटकाभर करतच चार वर्षं गेली होती.

"रतन, आदी माझं ऐक," ती म्हणाली आणि तिला बाजूला करून सगळं सांगितलं. दोर वळण्यापासून. छबूच्या सुपारीपासून. येत नाही म्हणाली, या शब्दापर्यंत.

ऐकून झाल्यावर रतननं विचारलं, "नवऱ्याला घेऊन ये, असं म्हणाले होते?"

"व्हय. नवऱ्यालाबी घिऊन ये म्हनावं, आसंच म्हनले."

"त्या साली धाकटा झाला होता मला. आबांचं नाव ठेवावं असं हे म्हणत होते. मी म्हटलं, नको. ज्यांना मी नको त्यांचं नाव माझ्या पोराला कशाला." ती थांबली. "चल आत. आबांना सांग."

"मामांना?"

"त्यांना वाटतंय, मी बोलावूनही आले नाही. त्यांनी मान फिरवली ती का, ते आता कळलं मला. तू सांग. माझ्यासमोर सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, लेक आपली बाजू सावरते."

"रतन, डाक्टरांनी त्येंना तरास देऊ नगं म्हनून सांगितलंय."

"नर्स मी आहे, वैनी. मी सांगते, त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय ते."

चांगुणाबाई आत गेली. दारात सोपान आणि सहादेव येऊन उभे राहिले, मागं भामाआत्या. बाजेशेजारी खाली बसून तिनं सासऱ्याच्या तोंडावरची गोधडी बाजूला केली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तीस वर्षांत ती त्यांच्या डोळ्यांत बघून कधी बोलली नव्हती.

"मामा, रतननं न्हाई म्हनलं नव्हतं. तिला निरोपच गेला न्हाई. तुमी सांगितल्यालं म्या सांगितलंच न्हाई तिला. छबूच्या लग्नापायी. येत न्हाई म्हनली, ह्ये म्या खोटं सांगितलं. तिला आज कळलं."

भिमाजी तिच्याकडं बघत होते. बघता बघता त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि कानाकडं ओघळलं. डावा हात गोधडीतून वर आला. चांगुणाबाईला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर तिनं गाल पुढं केला असता. पण हात तिच्यावरून पुढं गेला, हवेत चाचपडत राहिला, आणि रतननं तो दोन्ही हातांत धरला. लेकीचा हात त्यांनी छातीवर ओढून घेतला. घशातून तोच बोबडा आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. सोपान दाराला कपाळ टेकून रडत होता.

त्यानंतर भिमाजी बारा दिवस जगले. रतननं रजा वाढवून घेतली. चौथ्या दिवशी छगन मास्तर मुलांना घेऊन आले, ओसरीवर अवघडून बसले, आणि भामाआत्यानं हू की चू न करता त्यांच्यापुढं चहाची बशी ठेवली. धाकटा आजोबांच्या बाजेवर चढून परसातली पाखरं मोजायचा आणि आजोबा डाव्या हाताची बोटं वर करून त्याला हिशेब दाखवायचे. घरात दुष्काळातही गलका झाला. चांगुणाबाई पहाटेपासून राबत होती. तिला कुणी टाकून बोललं नाही. सोपान मात्र गरजेपुरतं बोलायचा, आणि तेही दुसऱ्याकडं बघून.

त्या बारा दिवसांतली एक दुपार तिच्या मनातून पुढं कधी गेली नाही.

रतन नदीवर धुणं घेऊन गेली होती. थोड्याशा पाण्यात बायकांची गर्दी, तिला उशीर झाला. भिमाजींच्या पेजेची वेळ टळत होती म्हणून चांगुणाबाई वाटी घेऊन बाजेशी बसली. रतन आल्यापासून तीच भरवत होती, त्यामुळं हे काम हातून गेलेलं होतं. चांगुणाबाईनं चमचा फुंकून गार केला आणि ओठांशी नेला.

"मामा, दोन घास घ्या."

त्यांनी ओठ उघडले नाहीत. तिला वाटलं, कळलं नसेल. तिनं पुन्हा चमचा नेला. ते तिच्याकडं बघत होते, डोळ्यांत राग नव्हता, ओळखही स्वच्छ होती, आणि ओठ मिटलेले होते. कार्तिकापासून दोन महिने याच हातानं त्यांना दिवसातून चार वेळा भरवलं होतं.

"मामा, माझ्यासाठी नगं. पोटासाठी घ्या."

ते बघत राहिले. पेजेवर साय धरली. तिनं ती मोडली, पुन्हा धरली. वाटी मांडीवर ठेवून ती बसून राहिली. उठून जावं तर ते उपाशी राहतील, आणि बसावं तरी उपाशीच.

रतन ओल्या पातळानिशी आत आली. तिनं वाटी बघितली, वहिनीचं तोंड बघितलं, बापाचे मिटलेले ओठ बघितले. काही न विचारता हात पुसले आणि वाटी उचलली. चमचा पुढं जाताच भिमाजींनी तोंड उघडलं. पेज गार झाली होती तरी एकामागून एक घास गिळत राहिले.

चांगुणाबाई उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून रतनचा आवाज आला. तिनं मान वळवली नव्हती, नजर चमच्यावरच होती.

"वैनी, तू जेवलीस का ग?"

सकाळपासून चांगुणाबाईच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"जेवले," ती म्हणाली, आणि बाहेर आली.